मोटरहोम घेऊन निघण्याआधी: पहिली रात्र दारातच काढा

पहिल्यांदाच मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन घेऊन निघणार असाल, स्वतःची असो नाहीतर भाड्याची, तर माझं एक ऐका, पहिली रात्र गाडी कुठे नेऊच नका. दारात उभी करा आणि आतच जेवा, आतच आंघोळ करा, आतच झोपा, आणि घरात जायचं नाही असं ठरवूनच करा. घरी नळ सोडला की पाणी येतं आणि वापरलेलं पाणी कुठे जातं ते आपण बघत नाही, विजेचं पण तेच. गाडीत मात्र हे सगळं तुमच्या पायाखालच्या टाक्यांत आणि एका बॅटरीत असतं आणि ते कधी संपणार, कधी भरणार, हे तुम्हालाच माहीत असावं लागतं. पंपाचं बटण कुठे, गॅसचा कॉक कुठला, फ्यूज कुठे, पलंग उघडायला किती वेळ लागतो, हे त्या एका रात्रीत कळतं, आणि काय राहिलं ते आणायला घर चार पावलांवर असतं.

दुसरी गोष्ट वजन, आणि याकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. गाडीच्या कागदावर आणि दरवाजाजवळच्या पट्टीवर जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात माणसं, पाणी, गॅस, सामान सगळं बसवायचं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले. आम्ही पहिल्या ट्रिपला टाकी काठोकाठ भरून, वर सायकली, खुर्च्या, अवजारांची पेटी असं सगळं कोंबून निघालो आणि चढावर गाडी अशी काही कण्हायला लागली की पुढच्या वजनकाट्यावर घातली, तेव्हा मर्यादेच्या वर गेलेलं दिसलं. तेव्हापासून पूर्ण लोड करून एकदा काट्यावर नेतोच आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावरचं, वजन वेगवेगळं बघतो, कारण एकूण बरोबर असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड असू शकतो. जड सामान खाली, दोन्ही एक्सलच्या मधे ठेवा, वरच्या कपाटात फक्त कपडे वगैरे हलकं. मुक्कामाच्या जागी पाणी मिळणार असेल तर अर्धी टाकी पुरते.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी झिजायच्या आधीच रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर बदला, पैशाकडे बघू नका. हवा टायर थंड असतानाच तपासायची.

चालवताना एवढं लक्षात ठेवा की गाडी लांब, उंच आणि जड आहे. तिची उंची, छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून, टेपने मोजा आणि चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, कारण कमी उंचीचा पूल समोर आला की आठवायला वेळ नसतो. मागच्या चाकांच्या मागे बॉडी बरीच बाहेर असते, तुम्ही डावीकडे वळलात की तो भाग उजवीकडे झेप घेतो, पेट्रोल पंपावरच्या खांबांना गाड्या लागतात त्या अशाच. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापले की लागेनासे होतात, त्यापेक्षा उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. मागे कॅरॅव्हॅन ओढत असाल आणि ती डुलायला लागली तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही आणि वेग तर मुळीच वाढवायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा. आणि मुक्कामी उजेड असताना पोचा. अंधारात अनोळखी जागी रिव्हर्स घेणं फार त्रासाचं असतं, आणि रिव्हर्स घेताना कॅमेरा असला तरी एकाने खाली उतरून मागे उभं राहावं, ड्रायव्हरला आरशात दिसेल असं.

गाडी लावली की छोटी पाणसळ गाडीच्या आतल्या जमिनीवर ठेवून लेव्हल बघा. आधी डावी-उजवी बाजू रॅम्पवर चढवून सारखी करायची, मग पुढे-मागे, आणि चाकांना ठोकळे लावायचे. कोपऱ्यातले जॅक गाडी हलू नये म्हणून असतात, उचलायला नाही. झोप नीट लागावी एवढंच कारण नाही हं, गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर नीट थंड करत नाही आणि जास्त वेळ तसाच चालवला तर बिघडतो.

आता वीज. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर, पण साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य पटकन संपतं, म्हणजे हातात राहिले ६००. हजार वॅटची किटली इन्व्हर्टरवर दहा मिनिटं चालवली की त्यातला पावाहून जास्त हिस्सा गेला. दिवे, पंप, मोबाइल यांना फारसं काही लागत नाही, पण उष्णता किंवा गारवा करणारी कुठलीही वस्तू बॅटरी खाते, एसी तर अशा बॅटरीवर तासभरसुद्धा नाही. सगळं बंद करून थोडा वेळ थांबून व्होल्ट बघा, १२.७ च्या आसपास म्हणजे फुल, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी संपली. लिथियम असेल तर बरीच जास्त वापरता येते, फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. बाहेरून करंट घेताना केबलचं भेंडोळं पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल लोडखाली तापते आणि वितळू शकते.

सांडपाण्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर. बेसिन-आंघोळीचं पाणी एका टाकीत जातं, टॉयलेटचं दुसऱ्या. सांडपाण्याचा पाइप बाहेरच्या गटाराला कायम जोडलेला असला तरी टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून दगडासारखा होतो, मग तो निघता निघत नाही. टाकी बऱ्यापैकी भरली की मगच एकदम सोडायची, त्याच दाबाने सगळं निघतं. आधी टॉयलेटची टाकी सोडा आणि मग आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. नंतर तळ झाकेल एवढं पाणी टॉयलेटच्या टाकीत परत घाला. वेट वाइप्स कधीच टाकू नका, आणि टॉयलेट पेपर चालेल की नाही ते बघायला एक तुकडा पाण्याच्या बाटलीत टाकून हलवा, विरघळला तर ठीक. हातमोजे घालायचे आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाला कधीही, अगदी एकदासुद्धा वापरायचा नाही. आणि हे सगळं ठरवून दिलेल्या जागीच रिकामं करा, झाडीत, ओढ्यात, रस्त्याकडेला सोडू नका, पुढचा माणूस तिथेच तंबू टाकणार असतो.

गॅसच्या बाबतीत चालढकल नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लागतो आणि गळलेला गॅस बाहेर जायला गाडीच्या तळाला ठेवलेली छोटी भोकं सामानाने बुजवायची नसतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा हवाच, त्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून बसू नका, जनरेटर खिडकीजवळ लावू नका. रात्री कितीही गार असलं तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, श्वासाची वाफ काचांवर आणि गादीखाली साचून ओल धरते.

निघताना दोन फेऱ्या मारायच्या, एक आत, एक बाहेर, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी. आत कपाटं, फ्रिजचं दार, छताच्या खिडक्या, गॅस बंद. बाहेर केबल, पाण्याचा पाइप, पायरी, बाजूला ताणलेली सावलीची शेड, अँटेना, ठोकळे. फेरी मारताना कोणी गप्पा मारायला आलं तर फेरी पहिल्यापासून परत मारायची, आमची केबल एकदा अशीच जोडलेली राहिली होती आणि प्लग तुटला. मग दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबा, चाकांना हात न लावता नुसता जवळ नेऊन बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का, कॅरॅव्हॅन ओढत असाल तर हिच, म्हणजे ती गाडीला जोडणारा आकडा, घट्ट आहे का, आत काही पडलंय का, आणि मगच पुढे लांब पल्ल्याला निघा.