एकाच वाटेच्या विमानात सहा-सात तास कसे काढावेत

काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईहून सहा-सात तासांचा प्रवास म्हटला की दोन वाटांचे, म्हणजे सीटच्या ओळींतून चालायला दोन मार्गिका असलेले, रुंद पोटाचे विमान गृहीत धरले जाई. आता तसे राहिलेले नाही. इस्तंबूल, नैरोबी, जकार्ता, मॉरिशस अशा साडेचार ते पाच हजार किलोमीटरवरच्या ठिकाणी मुंबईहून एअरबस ए320 आणि ए321 निओ जातीची, एकाच वाटेची विमाने जाऊ लागली. युरोपात 2024 च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या आयबेरिया कंपनीने ए321 एक्सएलआर हे त्याच जातीचे विमान माद्रिदहून थेट बोस्टनला, म्हणजे अटलांटिकपार, नेण्यास सुरुवात केली. या विमानाचा पल्ला सुमारे 8,700 किलोमीटर आहे आणि इंडिगोनेही त्याची मागणी नोंदवलेली आहे. तेव्हा ज्या विमानातून आपण नागपूर किंवा गोव्याला जातो, त्याच घडणीच्या विमानातून परखंडात जाण्याची सवय आपल्याला करून घ्यावी लागणार आहे.

अशा विमानात आरामाचा प्रश्न निघाला की बहुतेक जण सीटच्या रुंदीबद्दल बोलतात. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट, मध्ये एकच वाट, आणि दोनशेच्या आसपास प्रवासी. त्याच वाटेवरून जेवणाची ट्रॉली, कचरा गोळा करणारे कर्मचारी, शौचालयाकडे निघालेले आजोबा आणि बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणारी आई, असे सगळेच जातात. दोन वाटांच्या विमानात एक वाट अडली तर दुसरीने जाता येते. येथे ती सोय नाही. म्हणून सीट निवडण्यापासून पाणी पिण्याच्या वेळेपर्यंतचा प्रत्येक निर्णय ही वाट डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा.

सर्वप्रथम तिकीट काढताना विमानाचा प्रकार पाहावा. ए320 कुळातील विमानाची आतली रुंदी सुमारे 3.70 मीटर असते, तर बोइंग 737 ची सुमारे 3.54 मीटर. सोळा सेंटिमीटरचा हा फरक सहा सीटमध्ये वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम इंचभर येतो, पण खांदे रुंद असलेल्या माणसाला तो सातव्या तासाला नक्की जाणवतो. पायांसाठीची जागा मात्र विमान कोणी बनवले यावर अवलंबून नसते. कंपनीने ओळी किती दाटीने बसवल्या आहेत त्यावर ती ठरते, आणि स्वस्त सेवेत एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर बहुधा 28 ते 31 इंचांच्या दरम्यान असते. उंच व्यक्तीने जादा जागेच्या सीटसाठी पैसे मोजायचे असतील तर ते अशा लांबच्या प्रवासात मोजावेत. दीड तासाच्या प्रवासात ते वाया जातात.

सीटच्या अक्षरांत ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, तर सी आणि डी वाटेकडेच्या असतात. ज्याला झोपायचे आहे त्याने खिडकी घ्यावी, कारण डोके टेकायला भिंत मिळते आणि कोणी उठवत नाही. ज्याला वारंवार उठावे लागते त्याने वाटेकडेची सीट घ्यावी, मात्र ट्रॉलीचा धक्का कोपराला आणि गुडघ्याला बसतो हे लक्षात ठेवून हातपाय आत घ्यावेत. वयस्क जोडप्यासाठी मी नेहमी सी आणि डी सुचवतो: दोघांनाही कोणाची परवानगी न मागता उठता येते आणि वाटेपलीकडे हात लांबवून गोळीची डबी देता येते. तरुण जोडपी ए आणि सी घेऊन मधली सीट रिकामी राहण्याची आशा धरतात. विमान भरलेले असेल तर मधला प्रवासी खिडकी किंवा वाट मिळते म्हणून सहसा आनंदाने जागा बदलतो, त्यामुळे या डावात फारसे नुकसान नाही.

पंखाजवळ हेलकावे कमी जाणवतात, पुढे इंजिनाचा आवाज कमी असतो, आणि शेपटीकडे दोन्ही त्रास वाढून शिवाय शौचालयाची रांग उशाशी उभी राहते. शेवटची ओळ काही विमानांत मागे झुकत नाही. आपत्कालीन दरवाजाच्या ओळीत पाय पसरता येतात हे खरे. पण तेथे लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दरवाजा उघडण्यास असमर्थ व्यक्ती यांना बसवत नाहीत, उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही, आणि अशा ओळी दोन असतील तर पुढची बहुधा झुकत नाही. खिडकीच्या हौशी लोकांसाठी आणखी एक गोष्ट: 737 मध्ये पंखाच्या थोडे पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते त्या ठिकाणी, खिडकीच नसते. खिडकीचे पैसे देऊन कोऱ्या भिंतीकडे पाहत बसण्याची पाळी माझ्यावर एकदा आली आहे.

आता हवेविषयी. विमान कितीही उंच उडत असले तरी आतला दाब असा राखला जातो की जणू आपण जास्तीत जास्त 8,000 फुटांवर, म्हणजे सुमारे 2,400 मीटरवर, बसलो आहोत. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच आहे, यावरून कल्पना यावी. बोइंग 787 किंवा एअरबस ए350 मध्ये हीच मर्यादा 6,000 फुटांच्या आसपास असते, म्हणून त्या विमानांतून उतरल्यावर थकवा थोडा कमी वाटतो. कमी दाबामुळे पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. प्रवासाच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी मटकीची किंवा वाटाण्याची उसळ, कोबी, मुळा आणि फसफसणारी पेये टाळावीत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याचा त्रास स्वतःपुरता राहत नाही. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट-भात असा हलका आणि ओळखीचा आहार उत्तम. दशम्या आणि कोरडी चटणी सोबत न्यावी, म्हणजे ट्रॉली आपल्यापर्यंत येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही; मात्र परक्या देशात उतरण्यापूर्वी ते संपवावे, कारण खाद्यपदार्थ नेण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात.

हवा कोरडीही असते. आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली जाते. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेऊन पुढे भरून घ्यावी आणि घोट-घोट पाणी प्यावे. शौचालयाच्या धास्तीने पाणी न पिणे हा आपल्याकडच्या ज्येष्ठांचा, विशेषतः स्त्रियांचा, जुना परिपाठ आहे आणि तो मोडायला हवा. त्यासाठी वाटेचे वेळापत्रक ओळखावे. पट्टा सोडण्याची खूण मिळताच, ट्रॉली निघण्यापूर्वी, एकदा जाऊन यावे. जेवण आटोपल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत वाईट, कारण तेव्हा रांग लागते आणि ट्रॉली परतत असते. त्यानंतर दिवे मंद झाले की वाट मोकळी होते. उतरण्यापूर्वी सुमारे तासभर अगोदर पुन्हा उठावे. शेवटच्या अर्ध्या तासात पट्टा बांधून बसावे लागते.

फेरी मारण्यामागे केवळ आखडलेले अंग मोकळे करणे एवढाच हेतू नाही. चार तासांपेक्षा अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधील अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसात हा वाढलेला धोकाही फार कमी, सुमारे सहा हजारांत एक, असल्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी गुठळी झालेली असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्यास, गर्भारपणात, कर्करोगाच्या उपचारांत किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना डॉक्टरांना आधी विचारावे. दाब देणारे मोजे घालायचे तर ते मापाचे असावेत, आणि ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. वाट अडलेली असेल तेव्हा बसल्या जागी टाचा टेकून चवडे वर, मग चवडे टेकून टाचा वर, असे वीस-पंचवीस वेळा करावे. पाय सुजतात म्हणून घट्ट बूट घालू नयेत.

अंगावर सैल सुती कपडे, पायात मोजे आणि सोबत एक शाल असावी, कारण खिडकीकडची भिंत रात्री गार पडते आणि स्वस्त सेवेत पांघरूण मिळेलच असे नाही. डोळ्यांवरची पट्टी व कानांचे बोळे यांचा उपयोग मानेच्या उशीपेक्षा जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. औषधे, चष्मा आणि फोन एका लहान पिशवीत पुढच्या सीटखाली ठेवावेत. वरच्या कप्प्यात ठेवल्यास ते काढण्यासाठी दोन माणसांना उठवून पुन्हा त्याच वाटेत उभे राहावे लागते. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नये, ती हातातल्या सामानातच हवी.

सीट मागे करण्यापूर्वी मागे वळून पाहावे आणि जेवणाच्या वेळी ती सरळ करावी. मधल्या प्रवाशाला दोन्ही बाजूंचे हात टेकायला द्यावेत, कारण त्याच्याकडे ना भिंत ना वाट.

विमान खाली येऊ लागले की लहान मुलांना जागे करून दूध किंवा पाणी पाजावे, म्हणजे गिळण्याने कान मोकळे होतात. मोठ्यांनी लवंग किंवा गोळी चघळावी. सर्दी असताना हा भाग फार दुखतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली नाकाची औषधे उतरण्याच्या अर्धा तास आधी वापरावीत. ज्यांना पुढचे विमान पकडायचे आहे त्यांनी सीट घेतानाच पुढच्या ओळी पाहाव्यात, कारण दोनशे माणसे एकाच वाटेने उतरायला वेळ लागतो. ज्यांना चाकाची खुर्ची हवी आहे त्यांनी किमान 48 तास आधी कळवावे. विमानाच्या आत वापरायची अरुंद खुर्ची त्या वाटेतूनच आणायची असल्याने बहुतेक वेळा ती सर्वांत शेवटी येते, आणि तोपर्यंत त्यांनी आपल्या जागी बसून राहिलेले बरे.