सर्किट तेच ठेवा, कॉइल बदला

इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्यामुळे तारेला तोटा नाही. टेस्ला कॉइलचे (हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलचे) निरनिराळे आकार करून बघायचे असतील, तर स्पार्क गॅपच्या, म्हणजे ठिणगीवर चालणाऱ्या सर्किटच्या, नादी लागू नका. तिथे सेकंडरी (बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची कॉइल) बदलली की प्रायमरीचा (जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांचा) टॅप, म्हणजे जोडणीची जागा, पुन्हा जुळवावी लागते. मग फरक आकाराने पडला की जुळवणीने, पत्ता लागत नाही. आणि मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला तर हातही लावू नका, सरळ जीव जातो.

त्यापेक्षा स्लेयर एक्सायटर बरा, म्हणजे एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारं साधं सर्किट. यात सेकंडरीचं खालचं टोक थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला (बेस, कलेक्टर, एमिटर या तीन पायांपैकी एकाला) जातं, त्यामुळे कॉइल कुठलीही लावा, सर्किट आपणहून तिची फ्रिक्वेन्सी पकडतं. टिप ३१सी ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवा. १२ व्होल्टच्या प्लसपासून बेसला २२ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर मायनसला. एक एलईडी उलटा: कॅथोड बेसला, अ‍ॅनोड मायनसला. प्लस ते कलेक्टर जाड तारेचे तीन-चार वेढे, हीच प्रायमरी. चालू झालं नाही तर आधी प्रायमरीची टोकं अदलाबदल करा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

पहिली कॉइल नळीवरची. ४० मिमी पीव्हीसी पाइप आणि ३६ गेजची तार, सीलिंग फॅनला वापरतात तीच. १५ सेंमी लांबीत साधारण ७०० वेढे बसतात. तार जवळपास ९० मीटर, वजन जेमतेम २५ ग्रॅम. रिवाइंडिंगवाल्याकडे उरलेल्या रिळात सहज निघेल. वेढ्यावर वेढा चढू देऊ नका, वर वार्निशचा हात द्या आणि टोकांचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) पॉलिश पेपरने नीट घासा.

दुसरी चपटी. तीच ९० मीटर तार, पण अ‍ॅक्रिलिकवर दुहेरी टेप लावून चकलीसारखी आतून बाहेर. मध्ये ३ सेंमीची मोकळी जागा सोडली तर वेढे ३०० च्या आसपास होतात आणि व्यास १६ सेंमी. हाताने फटी राहतातच, म्हणून तुकडा २२ सेंमीचा घ्या. जुनी सीडी वापरू नका, तिच्यातला धातूचा थर कॉइलची ताकद खातो. बाहेरचं टोक बेसला, प्रायमरी कडेभोवती, मधलं टोक मोकळं. शंकूची तिसरी कॉइलही करता येते, पण वेढे घसरतात. मला तो खटाटोप परवडत नाही.

चालू कॉइलजवळ सीएफएल तारेविना पेटते. तुलनेसाठी ती लाकडी पट्टीवर कॉइलपासून लांब सरकवत न्या आणि ती विझते तिथे खूण करा. प्रत्येक वेळी सप्लायचा करंट सारखा ठेवा, नाहीतर त्या खुणेला अर्थ नाही. मल्टीमीटर लांब ठेवा, कॉइलजवळ तो काहीही आकडे दाखवतो. माझ्याकडे लांब पल्ल्यात नळी पुढे असते. चपटीवर दिवा मध्यावर झगझगीत आणि कडेला मलूल.

काही जण चपटी कॉइल दोन तारा जोडीने गुंडाळून करतात. टेस्लाचं १८९४ चं पेटंट या गुंडाळणीचंच, पण ते इलेक्ट्रोमॅग्नेटच्या कॉइलसाठी होतं. त्यातलाच हिशोब: १००० वेढ्यांना १०० व्होल्ट दिले तर साध्या कॉइलमध्ये शेजारच्या वेढ्यांत ०.१ व्होल्ट असतो, जोडीत ५०. यामुळे कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स (वीजभार साठवायची क्षमता) वाढतो, पण आपल्या सेकंडरीत व्होल्टेज हजारांत गेलं की इनॅमल फुटतं. अशा कॉइलमधून फुकटची वीज मिळते, या गप्पांपायी तांबं वाया घालवू नका.

चालू कॉइलच्या टोकाला बोट लावलं तर चटका बसतो आणि भाजतं. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असलेल्यांना खोलीत घेऊ नका. मोबाइलही बाहेर ठेवा.