दुसऱ्याच्या पैशासाठी नवा डेटाबेस तपासताय? या चुका टाळा

उद्यमबागेत फाउंड्री चालवणारे एक काका गेल्या वर्षी मला म्हणाले, "पोरं हुशार आहेत. नवा डेटाबेस केलाय म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही. पैसे घालू काय नको, तेवढं बघून सांग की." बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या सोसायट्यांचे आणि कारखान्यांचे डेटाबेस मी बरीच वर्षं सांभाळतोय. हा मात्र मला पूर्ण नवा होता, आणि पैसे काकांच्या आयुष्यभराच्या कमाईतले होते. त्या पंधरा दिवसांत ज्या चुका झाल्या किंवा होता होता राहिल्या, त्या लिहून ठेवतोय.

प्रश्न न समजून घेता तपासायला बसणं

पहिले तीन दिवस मी नुसती त्यातली सोय बघत बसलो. काकांना ते नको होतं. हा डेटाबेस म्हणतो ते खरंच करतो का, चांगला चाललेला पोस्टग्रेससारखा जुना, फुकट मिळणारा डेटाबेस सोडून कोण याच्याकडे येईल, आणि ही चार-पाच पोरं तो पुढं सांभाळू शकतील का, हे त्यांना हवं होतं. तंत्र चांगलं म्हणजे धंदा चांगला, असं होत नाही. रिथिंकडीबी हा डेटाबेस अनेक अभियंत्यांना मनापासून आवडायचा, तरी तो बनवणारी कंपनी २०१६ मध्ये बंद पडली. कोड मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता येणारा होता म्हणून तो पुढं जगला, पण गुंतवणूकदाराला त्याचा काय उपयोग?

त्यांच्याच मशीनवर काढलेल्या त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं

सेकंदाला इतके लाख व्यवहार, असा आकडा समोर आला की आधी तीन गोष्टी विचारा. डेटा किती होता आणि रॅम किती होती? आठ जीबी डेटा चौसष्ट जीबी रॅममध्ये बसवला तर डिस्कची परीक्षाच झाली नाही. दुसरं, सांगितलेला वेळ सरासरी आहे का? सरासरीत वाईट क्षण लपतात. शंभरातली सर्वांत हळू एक विनंती किती वेळ घेते ते मागा. तिसरं, 'झालं' असं उत्तर येतं तेव्हा नोंद डिस्कवर पोचलेली असते, की नुसती मेमरीत असते?

या तिसऱ्यासाठी साधा हिशेब आहे. जुनी फिरती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एकाच कनेक्शनवरून एकामागून एक कमिट (नोंद कायमची पक्की करणं) करत गेलात आणि प्रत्येक खरोखर तबकडीवर लिहिला गेला, तर आकडा या १२० च्या आसपासच राहायला हवा. तो हजारांत गेला, तर मध्ये कुठंतरी कॅश, म्हणजे नोंद तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी आहे. ती मेमरी वीज गेल्यावरही जपणारा बॅटरीवाला डिस्क कंट्रोलर असेल तर ठीक. नसेल तर वीज गेल्यावर काय होतं ते बघायलाच पाहिजे.

प्लग न काढणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि मीही ती जवळजवळ केलीच होती. मी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला डेटाबेसचा प्रोग्राम, मारून बघितली, पुन्हा चालू केली, सगळ्या नोंदी जागच्या जागी. समाधानाने घरी गेलो. रात्री लक्षात आलं की प्रोसेस मेली तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते; मेमरीतलं डिस्कवर ती निवांत लिहून टाकते. म्हणजे ही वीज जाण्याची परीक्षा नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी काकांच्या ऑफिसात एक जुनं मशीन यूपीएस काढून थेट सॉकेटला लावलं. नोंदी पाठवणारा प्रोग्राम शेजारच्या लॅपटॉपवर. 'झालं' असं उत्तर आलं की त्या नोंदीचा क्रमांक लॅपटॉपच्या फाइलमध्ये उतरवायचा. लिहिणं जोरात सुरू असताना प्लग ओढला. मशीन चालू करून एकेक क्रमांक पडताळला. दर वेळी शेवटच्या साधारण एका सेकंदाच्या नोंदी गायब. डेटाबेस सेकंदातून एकदाच डिस्कवर लिहीत होता. ते सेटिंग मुळातच तसं होतं, आणि जाहिरातीतला वेग त्याच सेटिंगवरचा होता.

काका शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. फाउंड्रीत धातू वितळवलेल्या प्रत्येक हीटबरोबर चाचणीसाठी एक टेस्ट बार ओततात आणि तो तोडूनच बघतात.

डेटाबेस अनेक मशीनवर चालणारा असेल, तर मधली नेटवर्क वायरही काढून बघा. काइल किंग्सबरी यांनी २०१३ पासून जेप्सन या नावाने अशाच चाचण्या करून नामांकित डेटाबेसांतले दोष दाखवलेत. त्यांचे अहवाल आधी वाचा, काय तोडायचं ते कळतं.

मोठ्या शब्दांना मान डोलावणं

"आमचं ट्रान्झॅक्शन पूर्ण सुरक्षित आहे" म्हणाले तर उदाहरण द्या. सोसायटीत एका सभासदाची दोन खाती, प्रत्येकात १००० रुपये. नियम असा की दोन्ही मिळून १००० च्या खाली जायचं नाही. निपाणी शाखेतून एका खात्यातले १००० आणि त्याच क्षणी चिकोडीतून दुसऱ्यातले १००० काढले. दोन्ही व्यवहारांना सुरुवातीची बेरीज २००० दिसली, दोन्ही मंजूर झाले, शिल्लक शून्य. स्नॅपशॉट आयसोलेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीच्या क्षणाचंच चित्र दिसतं अशा पद्धतीत, हे होऊ शकतं, हे १९९५ पासून लिहून ठेवलेलं आहे. खऱ्या सिरियलायझेबलमध्ये, म्हणजे व्यवहार जणू एकामागून एक झाले असाच निकाल येतो तिथं, ते होता कामा नये. संगणकावर डेटाबेसच्या दोन खिडक्या उघडून दहा मिनिटांत तपासता येतं.

बाकी काही गोष्टी लवकर उरकतात, पण सोडू नका. आतलं स्टोरेज इंजिन, म्हणजे डेटा डिस्कवर ठेवणारा भाग, त्यांचं स्वतःचं की रॉक्सडीबी या तयार मुक्त इंजिनावर बांधलेलं? तयार इंजिन वापरण्यात वाईट काही नाही, फक्त किंमत ठरवताना ते माहीत हवं. लायसन्स वाचा, मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये आणि रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये आपलं लायसन्स बदललं, आणि रेडिसच्या बाबतीत त्यातून लगेच वॉल्की हा वेगळा फाटा निघाला. बॅकअप घेतला म्हणून थांबू नका, तो दुसऱ्या मशीनवर परत चढवून दाखवायला सांगा.

अहवाल अभियंत्यांसाठी लिहिणं

माझा पहिला मसुदा बावीस पानांचा झाला होता. काकांनी दोन पानं वाचली आणि विचारलं, "तुटलं कुठं, आणि दुरुस्त होतंय काय?" मी पहिलं पान पुन्हा लिहिलं: काय तुटलं, दुरुस्तीला काय लागेल, दुरुस्तीनंतर वेग किती उरेल, आणि काय मला तपासता आलं नाही. त्या पोरांनाही ते पान दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. दहा दिवसांनी ते सेटिंग बदलून, कमी झालेला वेग स्वतःच लिहून आले, आणि म्हणाले, "काका, प्लग आता तुम्हीच काढा."