जेनेटिक टेस्ट करायचीये? आधी कसला फरक शोधायचाय ते ठरवा

मध्यंतरी एकाने मला त्याचा एक्झोम (डीएनएतले प्रोटीन बनवणारे भाग वाचणारी टेस्ट) रिपोर्ट दाखवला, निगेटिव्ह आला म्हणून स्वारी खूश होती, आणि वडिलांना हंटिंग्टन, मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार. आता हंटिंग्टनमध्ये काय होतं, तर एचटीटी जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पाठोपाठ येत राहतात, २६ वेळांपर्यंत नॉर्मल, ३६ ते ३९ असतील तर आजार होईल किंवा नाहीही होणार, आणि ४० किंवा जास्त असतील तर पुढेमागे होतोच. नेहमीच्या एक्झोममध्ये डीएनएचे साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतात. ४० वेळा सीएजी म्हणजे १२० अक्षरं तिथेच संपली, तुकडाभर नुसतं सीएजी सीएजी, तो बसवायचा कुठे आणि मोजायचा कसा यात सॉफ्टवेअर गंडतं. म्हणजे त्याच्या निगेटिव्हला काही अर्थच नव्हता. त्याला पीसीआर करून (डीएनएच्या तेवढ्याच भागाच्या भरपूर प्रती काढून) रिपीट मोजायची वेगळी टेस्ट हवी होती, आणि तीसुद्धा आधी जेनेटिक काउन्सेलरशी नीट बोलून, कारण उत्तर कळलं की ते परत न कळल्यासारखं करता येत नाही.

मुळात फरक सगळ्यांच्यात असतात. आपल्या जीनोमच्या (म्हणजे सगळ्या डीएनएच्या) एका कॉपीत ३ अब्जांहून जास्त अक्षरं, आणि रेफरन्सशी (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना जीनोमशी) लावून पाहिलं तर कुणाच्याही डीएनएत ४०-५० लाख ठिकाणी काहीतरी वेगळं निघतं, त्यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी. त्यामुळे प्रश्न विचारायचा तो असा, की मला संशय आहे त्या आजारात डीएनए कसं बिघडतं?

एखादं अक्षर बदलतं किंवा दोनचार गळतात, तर सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेक अक्षर वाचणं. जीन माहीत असेल तर तेवढाच, दहावीस जीनवर संशय असेल तर पॅनल, काहीच अंदाज नसेल तर एक्झोम. एक्झोम म्हणजे जीनोमचा जेमतेम १-२ टक्के भाग हं, सगळा नाही. जीनचा अख्खा तुकडाच गायब असेल तर एमएलपीए, ती कॉपी मोजते. ड्युशेनमध्ये (स्नायू कमजोर होत जाणारा आजार) साधारण ७०-८० टक्के पेशंटमध्ये डीएमडी जीनचे एक्झॉन (जीनचे कोडिंग तुकडे) गायब किंवा डबल झालेले असतात, म्हणून तिथे सुरुवात एमएलपीएने आणि त्यात काही नाही मिळालं तरच सिक्वेन्सिंग. डाउन सिंड्रोमसारखं अख्खं क्रोमोसोम जास्तीचं असेल तर कॅरिओटाइप (मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम बघणं) पुरतो. त्याहून बारीक तुकडे कमीजास्त असतील तर मायक्रोअरे (चिपवर जीनोमभर डीएनएचं प्रमाण मोजणारी टेस्ट), पण दोन क्रोमोसोमनी तुकड्यांची नुसती अदलाबदल केली असेल तर अरेला ते दिसणार नाही, माल तेवढाच आहे ना! तिथे परत कॅरिओटाइपच.

अजून एक, आणि हे लोक हमखास उलटं करतात. टेस्ट आधी आजारी माणसाची करा, मग बाकीच्यांची. त्याच्यात नेमका फरक सापडला की घरच्यांना फक्त ती एक जागा सँगरने (छोटा ठरावीक भाग वाचायची जुनी सिक्वेन्सिंग पद्धत) तपासून घेता येते आणि तिथलं निगेटिव्ह खरंच निगेटिव्ह असतं.

आता रिपोर्ट वाचायचा कसा. सिकलसेलचीच ओळ घेऊ: एचबीबी, सी.२०ए>टी, पी.ग्लू७व्हॅल, हेटेरोझायगस. म्हणजे एचबीबी जीनच्या कोडिंग भागात २० व्या अक्षराला ए च्या जागी टी, त्यामुळे प्रोटीनमध्ये ७ व्या जागी ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलिन आलं. पुस्तकात ६ वी जागा लिहिलेली असते म्हणून घाबरू नका, पूर्वी पहिलं मेथिओनिन मोजत नसत, आता मोजतात. हेटेरोझायगस म्हणजे एकाच कॉपीत, म्हणजे वाहक. सँगरच्या ग्राफवर हे मस्त दिसतं, बाकी सगळीकडे एकेक शिखर आणि त्या एका जागी हिरवं (ए) आणि लाल (टी) एकमेकांवर चढलेली.

मग क्लास बघा. २०१५ पासून बहुतेक लॅब एसीएमजीच्या (अमेरिकेतली जेनेटिक्सच्या डॉक्टरांची संस्था) पाच पायऱ्या वापरतात, पॅथोजेनिक (आजार देणारा) ते बिनाइन (निरुपद्रवी), आणि बरोब्बर मधे तो डोक्याला ताप, व्हीयूएस. व्हीयूएस म्हणजे अजून ठरवता येत नाही, बस. त्याच्या जोरावर ऑपरेशन, गर्भाचे निर्णय वगैरे अजिबात नको, वर्ष-दोन वर्षांनी लॅबला परत बघायला सांगा, बरेचसे पुढे निरुपद्रवी निघतात. स्वतः चाळायचं असेल तर क्लिनव्हारमध्ये (कुठला फरक आजार देतो याची लॅबनी दिलेली मतं साठवणारी साइट) टाका, नोमॅडमध्ये (लाखो लोकांच्या डीएनएचा डेटाबेस) किती लोकांत आहे ते बघा. शंभरात एकाकडे सापडणारा फरक लाखात एकाला होणारा डॉमिनंट (एकच कॉपी बिघडली तरी होणारा) आजार कसा काय देईल?

थुंकी पाठवून घरबसल्या होणाऱ्या चिप टेस्टमध्ये मात्र ठरलेल्या जागाच तपासतात आणि दुर्मिळ फरक असले की चिप चुकते पण बरीच, तेव्हा तिथे काही भयंकर दिसलं तर क्लिनिकल लॅबमधून कन्फर्म केल्याशिवाय झोप उडवून घेऊ नका.

रिपोर्टबरोबर व्हीसीएफ फाइल (सापडलेल्या सगळ्या फरकांची यादी) मागून ठेवा, आणि बिल्ड (रेफरन्स जीनोमची आवृत्ती) ३७ आहे की ३८ ते लिहून घ्या. तोच सिकलसेलचा फरक ११ व्या क्रोमोसोमवर ३७ मध्ये ५२४८२३२ ला आहे आणि ३८ मध्ये ५२२७००२ ला, वर एचबीबी डीएनएच्या उलट्या धाग्यावर असल्याने (समोरासमोरच्या धाग्यांवर ए ची जोडी टी शी असते) फाइलमध्ये ए>टी न दिसता टी>ए दिसेल. मी स्वतः पहिल्यांदा यात अख्खी दुपार घालवलीये.