टीव्हीची चहाडी बंद कशी करायची?

नवीन स्मार्ट टीव्ही आला की वायफायचा पासवर्ड टाकायचा, समोर येईल त्याला ‘आय अ‍ॅग्री’ दाबत सुटायचं आणि मॅच लावायची, बहुतेक घरांत हेच होतं. त्याच गडबडीत एसीआरला, म्हणजे ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशनला परवानगी जाते. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे बारीक नमुने घेत राहतो, ते सर्व्हरवर जुळवले जातात आणि तुम्ही काय, किती वेळ बघितलं ते कळतं. सेटटॉप बॉक्स लावलाय म्हणून सुटलात असं समजू नका, बॉक्सच्या एचडीएमआय केबलमधून येणारं चित्रही ओळखता येतं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून असा डेटा लोकांना न विचारता उचलला आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

तर आधी रिमोट घ्या, सेटिंग्ज उघडा. सॅमसंग असेल तर ‘टर्म्स अँड प्रायव्हसी’ शोधा, आत ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ दिसेल, त्याची टिक काढा (नाव बघा, जणू आपलीच सेवा चाललीय!). एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ बंद करा आणि ‘युजर अ‍ॅग्रीमेंट्स’मध्ये जाऊन व्ह्यूइंग इन्फर्मेशनची संमतीही काढून घ्या. सोनीच्या काही मॉडेलवर ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’ असतं, ते डिसेबल करा. मेन्यूची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, त्यामुळे थोडं शोधावं लागेल, मुद्दामच आत खोल ठेवलंय की काय असं वाटतं.

मग जाहिरातींचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्याने तुमचं डिव्हाइस ओळखतात तो क्रमांक. गूगल टीव्हीवर ‘प्रायव्हसी’मध्ये ‘अ‍ॅड्स’ आहे, तिथे आयडी रीसेट करा आणि पर्सनलायझेशन बंद करा. फायर स्टिकवाल्यांनी ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’मध्ये डिव्हाइस युसेज डेटा, अ‍ॅप युसेज डेटा आणि इंटरेस्ट बेस्ड अ‍ॅड्स तिन्ही ऑफ करावं. याने जाहिराती कमी होणार नाहीत हां, फक्त तुमच्या आवडीनिवडी बघून येणार नाहीत.

यूट्यूब वगैरे अ‍ॅप स्वतःची हिस्टरी वेगळी ठेवतात, ती त्या त्या अ‍ॅपमध्येच जाऊन पुसायची.

घरी फक्त डिशच बघत असाल तर सगळ्यात सोपं, टीव्हीचं वायफायच काढून टाका. नाहीतर प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर ही बटणं एकदा तपासा, आणि जुना टीव्ही एक्सचेंजला द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट मारायला विसरू नका, तुमचे लॉगिन त्यातच असतात.