योनातानचा अर्थ कसा काढायचा

इस्रायलमध्ये अश्दोदला माझ्या भाच्याला मुलगा झाला. आठव्या दिवशी सुनत झाली आणि नाव ठेवलं योनातान. इथे ठाण्यात मी पेढे वाटले, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे काय हो?" आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, असलो तरी सगळ्या नावांचे अर्थ काही पाठ नसतात. ते सोडवावे लागतात.

आधी नावाच्या अंगावरचे परके कपडे उतरवायचे. जोनाथन इंग्रजी, योनाथान मराठी बायबलातलं. दोन्ही बाजूला ठेवा. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे आमचे सामाजी हसाजी दिवेकर मूळचे शमुएल यहेज्केल, यावरून काय ते समजा. मूळ रूप नाही पाहिलं की फसगत होते. जॉन म्हणजे जोनाथनच, असं पुष्कळांना वाटतं. पण तो आला योहानानवरून, त्याचा धातूच वेगळा.

हिब्रूत अक्षरं अशी: योद, वाव, नून, ताव, नून. मधले 'आ' लिहीतच नाहीत, काना पुसून टाकल्यासारखं. आता यात देवाचं नाव शोधा. तो सुरुवातीला 'यहो' किंवा 'यो' म्हणून बसतो, शेवटी 'याहू' किंवा 'या' म्हणून, नाहीतर कुठल्याही टोकाला 'एल'. शौल राजाच्या मुलाचं नाव शास्त्रात, म्हणजे हिब्रू बायबलात, यहोनातान असंही येतं, म्हणून इथला 'यो' देवाचाच. योसेफमधला नव्हे हं. तिथे धातू य-स-फ, भर घालणं. आणि योना म्हणजे नुसतं कबुतर!

देव बाजूला काढला की उरलं न-त-न. नातान, म्हणजे 'त्याने दिलं'. ताळा करून बघा: त्याच धातूला एल लावला की नेतनेल, याहू लावला की नेतन्याहू. १९७६ मध्ये युगांडात एन्टेबेला ओलीस सोडवताना मारला गेलेला इस्रायली अधिकारी योनातान नेतन्याहू. देवाने दिला, दिला देवाने, नाव-आडनाव एकच!

शौलाचा मुलगाही नावाला जागला. अंगातला झगा, तलवार, धनुष्य, कमरपट्टा, सगळं काढून त्याने आपल्या मित्राला, दावीदला देऊन टाकलं.

वहिनींना म्हटलं, "अहो, आपला देवदत्त." लगेच कळलं त्यांना.

फक्त तिकडे योनातानला लाडाने 'योनी' म्हणतात. भाच्याला बजावून ठेवलंय, बाळाला घेऊन ठाण्याला आलास की पूर्ण नावाने हाक मार, बाबा.