पऱ्हाटीवर पंप घ्यायच्या आधी पान उलटून बघा

भावांनो, झड थांबली की पहिला फवारा मारायची घाई सुटते, आणि दरवर्षी मी हेच बघतो की पऱ्हाटी (कपाशी) तिथूनच बिघडते. थोडा मावा (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की कृषी केंद्रवाला दोन औषधं आणि एक टॉनिक हातात देतो, मावा मरतो, पण त्याच्यासोबत ढालकिडा (ठिपक्यांचा गोल भुंगा), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट किडा), कोळी ही किडी खाणारी मित्रकीडही मरते. मग माव्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते आणि ढालकिड्याला अंड्यापासून भुंगा व्हायला तीनेक आठवडे लागतात, म्हणजे दुसऱ्या वेळी मावा खायला शेतात कोणीच नसतं. मग दुसरा फवारा, तिसरा फवारा, आणि उधारी वाढतच जाते.

पानाच्या खाली काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी अळी दिसली तर ती मारू नका, ते ढालकिड्याचं पिल्लू आहे, बरेच जण तिलाच कीड समजून औषध आणतात. केसाएवढ्या देठावर उभं असलेलं अंडं क्रायसोपाचं. फुगून तपकिरी पडलेला मावा म्हणजे आतून गांधीलमाशीच्या जातीच्या बारीक किड्याने पोखरलेला, त्याच्यातून अजून मित्रकीड निघणार आहे.

मोजायचं असं: एकरी 20 झाडं, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं. सरासरी पानामागे मावा 10, फुलकिडे 10, तुडतुडे 2 ते 3, याच्या खाली असेल तर रासायनिक औषध नकोच. माझा अंदाज विचाराल तर दर दोन-तीन झाडांमागे एखादा ढालकिडा दिसत असेल तर अजून चार दिवस थांबून परत मोजा. फवारायचंच असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क घ्या: 5 किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा टाका आणि पाणी घालून 100 लिटर करा.

बाकी कामं:
- डवरणी (ओळींमधली माती ढिली करणं), निंदण
- साचलेलं पाणी काढणं
- युरिया बेताने (लुसलुशीत पानावर तुडतुडे जास्त)
- एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे)

धुऱ्यावरचं (बांधावरचं) सगळं गवत तणनाशकाने जाळू नका, मित्रकीड तिथेच थांबते. फक्त गाजरगवत आणि पेटारी उपटा, पिठ्या ढेकूण त्यावर वाढतो. कडेने चवळीची एक ओळ असली तर तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे वाढतात.

आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारूच नका. 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. मोजून औषध लागलंच तर लेबल वाचून एकच घ्या, तोंडाला मास्क, हातात मोजे, फवारा वाऱ्याच्या दिशेने मारायचा, विरुद्ध नाही, आणि पक्कं बिल मागून घ्या.